वसंतातील परडे आणि पाण्याचा हिशेब

वसंत ऋतूचे नाव घेताच मोहरलेला आंबा, पिंपळाची तांबूस पालवी आणि कोकिळेचा स्वर यांची आपणांस आठवण होते. इंग्रजी पाठ्यपुस्तकांतील वसंत याहून निराळा असतो. तेथे बर्फ नुकतेच वितळलेले असते, जमीन ओलाव्याने भरलेली असते आणि लोक फावडी घेऊन भाजीच्या वाफ्यांकडे निघालेले असतात. त्या देशांत वसंत हा पेरणीचा ऋतू का मानला जातो, हे उघड आहे. थंडी सरते, दिवस मोठा होतो आणि पाणी जमिनीत आधीच मुरलेले असते. आपल्याकडे ऊन आणि मोठा दिवस या दोन गोष्टींची वसंतात वाण नसते. वाण पडते ती तिसऱ्या गोष्टीची. पावसाळा संपून चार-पाच महिने लोटलेले असतात, विहिरी खोल गेलेल्या असतात आणि नळास पाणी कोणत्या दिवशी येणार याची चर्चा घरोघर चाललेली असते. अशा दिवसांत परड्यात भाजी लावावी काय, असा प्रश्न एखाद्या गृहिणीने विचारला, तर तो मुळीच गैर म्हणता येणार नाही. माणसांना पुरेसे पाणी नसता भेंडीस पाणी घालणे हे शहाणपणाचे आहे काय?

या प्रश्नाचे उत्तर प्रस्तुत लेखात द्यावे, असा आमचा उद्देश आहे. उत्तर थोडक्यात असे, की भाजी अवश्य लावावी. मात्र आधी पाणी मोजावे आणि मगच वाफा आखावा. बहुतेक घरी याच्या उलट होते. प्रथम सगळे परडे खणले जाते, दहा प्रकारची बियाणी आणली जातात आणि चैत्र उजाडताच पाणी अपुरे पडून अर्धी रोपे माना टाकतात. दोष उन्हाचा नसतो. हिशेब न केल्याचा असतो.

पाण्याचे माप

हा हिशेब सोपा आहे आणि तो सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांना सहज करता येईल. एक मीटर लांब व एक मीटर रुंद अशा सपाट जागेवर एक लिटर पाणी सारखे पसरले, तर त्या पाण्याची उंची बरोबर एक मिलिमीटर भरते. म्हणजे, एक चौरस मीटर जागेपुरते बोलावयाचे तर 'मिलिमीटर' आणि 'लिटर' यांचे आकडे एकच असतात. एवढे एक सूत्र ध्यानात ठेवले की पुढचे सारे गणित उलगडते.

झाडे मुळांनी पाणी घेतात आणि त्यातील फार मोठा भाग पानांच्या सूक्ष्म रंध्रांतून वाफेच्या रूपाने हवेत सोडतात. या क्रियेस बाष्पोत्सर्जन म्हणतात, हे आपण विज्ञानाच्या पुस्तकात वाचलेच आहे. याशिवाय ओल्या मातीच्या पृष्ठभागावरूनही पाणी उडून जाते. मार्च-एप्रिलच्या उन्हात पानांनी भरलेल्या वाफ्यातून या दोन्ही वाटांनी मिळून दररोज सुमारे ५ ते ६ मिलिमीटर पाणी खर्च होते. आपल्या सूत्राप्रमाणे एका चौरस मीटरास दररोज ५ ते ६ लिटर पाणी लागते, असा याचा अर्थ. रोपे लहान असताना पाणी यापेक्षा कमी लागते. परंतु हिशेब नेहमी भरल्या वाफ्याचाच धरावा.

आता घरातील पाणी मोजावयाचे. त्यासाठी स्वयंपाकघराच्या मोरीत एक बादली ठेवावी. तांदूळ, डाळी व भाज्या धुतलेले पाणी, फळे धुतलेले पाणी, तांब्या-भांड्यांत उरलेले पिण्याचे शिळे पाणी आणि साबणाशिवाय हात धुतलेले पाणी एवढेच त्या बादलीत ओतावे. सात दिवस दररोज रात्री किती लिटर जमले ते वहीत लिहावे आणि त्यांची सरासरी काढावी. समजा, ही सरासरी २० लिटर आली. तिला ६ ने भागले असता ३ चौरस मीटर आणि वर थोडे उरते. तेव्हा त्या घरची वसंतातील बाग ३ चौरस मीटरांची. ज्या घरी १२ लिटर जमतील, त्यांची बाग २ चौरस मीटरांची. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. ३ चौरस मीटरांचा हिरवागार वाफा हा ३० चौरस मीटरांच्या वाळलेल्या वाफ्यापेक्षा केव्हाही अधिक भाजी देतो.

येथे एक सूक्ष्म गोष्ट लक्षात घ्यावी. दोडका, दुधी, कारली या वेली जमिनीवर वीतभर जागा घेतात. परंतु मांडवावर त्यांचा पसारा मोठा होतो. पाणी खर्च होते ते पानांतून. म्हणून वेलीचे क्षेत्र तिच्या आळ्यावरून न मोजता मांडवावरून मोजावे. दीड चौरस मीटरांच्या मांडवावर पसरलेल्या दोडक्यास ८-९ लिटर पाणी हवे. वरील २० लिटरांच्या उदाहरणात एक दोडक्याचा वेल आणि पावणेदोन चौरस मीटर भेंडी-गवार एवढ्याची तोंडमिळवणी बरोबर होते.

कोणते पाणी चालते?

आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी न्हाणीघराचे पाणी थेट केळीच्या व अळूच्या आळ्यात सोडीत असत. त्या पाण्यात शिकेकाई, रिठे आणि चुलीची राख यांखेरीज फारसे काही नसे. आजच्या कपडे धुण्याच्या पावडरींत सोडियमचे क्षार असतात. ते वारंवार जमिनीत गेले म्हणजे माती घट्ट होते, पाणी मुरेनासे होते आणि पानांच्या कडा करपतात. म्हणून साबणाचे व पावडरीचे पाणी भाजीच्या वाफ्यास देऊ नये. मीठ घालून उकळलेले पाणीही वर्ज्य करावे. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून जे पाणी बाहेर टाकले जाते, त्यात मूळ पाण्यातील क्षार एकवटलेले असतात. ते फरशी पुसण्यास योग्य, वाफ्यास नव्हे. मोरीच्या गटारातील सांडपाणी तर भाजीच्या जवळपासही नेऊ नये. कच्ची खाल्ली जाणारी काकडी व कोथिंबीर यांच्या बाबतीत हा नियम कसोशीने पाळावा.

स्वयंपाकघरातील निर्मळ पाणी मात्र जपून वापरण्याजोगे आहे, कारण ते फार दुरून आलेले असते. आपल्या बेळगावास राकसकोप आणि हिडकल येथील जलाशयांचे पाणी मिळते. आपले जे आप्त दूरच्या शहरांत वसले आहेत, त्यांचीही स्थिती याहून वेगळी नाही. वडोदऱ्यासाठी सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत आजवा येथे तलाव बांधावा लागला. हैदराबादेत १९०८ मध्ये मुसी नदीस महापूर आल्यानंतर उस्मानसागर व हिमायतसागर हे जलाशय उभारण्यात आले. इंदुरास तर नर्मदेचे पाणी जलूदहून उपसून आणावे लागते. इतक्या खटाटोपाने घरी पोचलेले पाणी तांदूळ धुऊन लगेच गटारात जाते. वाटेत तेच पाणी एकदा भेंडीच्या मुळाशी थांबले, तर कोणाच्याही घागरीतले पाणी कमी होत नाही. प्रारंभीच्या प्रश्नाचे खरे उत्तर येथे आहे.

माती ओळखणे

बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर वसले आहे. शहराच्या पश्चिमेस सह्याद्रीकडे तांबडी माती आढळते, तर पूर्वेस सौंदत्ती, अथणी या बाजूंस काळी जमीन लागते. या दोन मातींचा पाण्याशी असलेला व्यवहार अगदी भिन्न आहे. तो पाहण्यासाठी एक साधा प्रयोग करावा. तळाशी भोके असलेले दोन सारखे डबे घेऊन एकात वाळलेली तांबडी व दुसऱ्यात वाळलेली काळी माती सारख्या वजनाने भरावी. प्रत्येकात एक लिटर पाणी हळूहळू ओतावे आणि खाली किती पाणी गळते ते मोजावे. तांबड्या मातीतून पाणी लवकर व अधिक गळते. काळी माती ते धरून ठेवते. यावरून नियम असा निघतो, की तांबड्या मातीस पाणी थोडे थोडे पण दररोज द्यावे. काळ्या मातीस एक-दोन दिवसांआड, पण भरपूर द्यावे. एकूण माप मात्र तेच राहते.

दोन्ही मातींवर एकच उत्तम औषध आहे, ते म्हणजे कुजलेले शेणखत अथवा घरचे कंपोस्ट. चौरस मीटरास ४-५ किलो खत पेरणीपूर्वी वीतभर खोलीपर्यंत मिसळावे. तांबड्या मातीची पाणी धरण्याची शक्ती त्याने वाढते आणि काळी माती भुसभुशीत होते. खत पुरते कुजलेले असावे. ताजे शेण घातल्यास ते जमिनीत कुजताना उष्णता उत्पन्न करते आणि कोवळी मुळे भाजतात.

काय पेरावे?

वसंतात काय पेरावे याइतकेच काय पेरू नये हेही महत्त्वाचे आहे. कोबी, फुलकोबी, मटार, गाजर आणि पालक ही थंडीची पिके होत. त्यांचे वाफे माघात संपत आलेले असतात. उन्हाळ्याच्या तोंडी पालक पेरला, तर तो पाने वाढवण्याऐवजी लवकर तुऱ्यावर येतो. याउलट भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका, दुधी, कारली, तांबडा भोपळा, माठ आणि अंबाडी यांस उष्णता मानवते.

आपल्या भागात महाशिवरात्रीपासून गुढीपाडव्यापर्यंतचा काळ या पेरणीस उत्तम. मृग नक्षत्र जूनच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी लागते. त्यामुळे वेळेवर पेरल्यास पिकास सुमारे शंभर दिवस मिळतात आणि तेवढे पुरतात. माठ २५ ते ३० दिवसांत काढावयास येतो. भेंडी व काकडी ४५ ते ५० दिवसांत पहिली तोड देतात. गवारीस ५० ते ६० दिवस लागतात. दोडका, दुधी व कारली यांस साधारण दोन महिने. ग्वाल्हेर, इंदूर या बाजूंस वैशाखात उष्ण वारे वाहतात. तेथे थंडीचा कडाका ओसरताच, म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यापासून, पेरणी उरकावी हे बरे. गोमंतकात भाताची कापणी झाल्यावर त्याच शेतांत तांबडी भाजी व अळसांदे घेण्याची रीत आहे. तिचे मर्म हेच, की जमिनीतील ओल उडून जाण्यापूर्वी तिचा उपयोग करून घ्यावा.

बी खरेदी करताना आपल्या दुभाषी गावात एक सावधगिरी बाळगावी लागते. भेंडीस कन्नडमध्ये बेंडेकाई म्हणतात आणि दोडक्यास हिरेकाई. येथवर घोटाळा होत नाही. परंतु आपल्याकडील कन्नडमध्ये ज्या शेंगेस चवळीकाई म्हणतात, ती मराठीतील गवार होय. मराठी चवळी निराळी. म्हणून नावावर विसंबून न राहता बी हातात घेऊन पाहावे. गवारीचे बी बारीक, चपटसर व करडे असते; चवळीचे त्याहून बरेच मोठे, वालाच्या घाटाचे व मध्यभागी डोळा असलेले. शेजाऱ्याची भाषा थोडी जाणणे परड्यातही उपयोगी पडते, ते असे.

आणलेले बी उगवण्याजोगे आहे की नाही, हे पेरण्यापूर्वीच पाहावे. वीस बिया ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवाव्यात व फडके सुकू देऊ नये. आठवड्याभरात पंधरा बियांस मोड आले, तर उगवण शेकडा ७५ झाली. निम्म्याहून कमी बिया रुजल्या, तर ते बी टाकून द्यावे. कारण न उगवणाऱ्या जागेसही आपण पाणी घालीत राहतो.

पेरणी, सावली आणि आच्छादन

भेंडीचे बी रात्रभर पाण्यात भिजवावे. कारल्याचे कवच जाड असल्याने ते दिवसभर भिजवून मग ओल्या फडक्यात ठेवावे. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल पेरावे. माठाचे बारीक बी मातीत कालवून वर फोकले तरी पुरते. भेंडीच्या दोन झाडांत सर्व बाजूंनी ३० सेंटिमीटर अंतर ठेवल्यास एका चौरस मीटरात सुमारे अकरा झाडे बसतात. दाट उगवलेली रोपे विरळ करताना मुलांच्या जिवावर येते; परंतु तीन रोपांनी एकाचे पाणी वाटून घेतले, तर तिघेही उपाशी राहतात.

पहिले दहा-बारा दिवस रोपांवर दुपारच्या वेळी नारळाच्या झावळ्यांची किंवा जुन्या लुगड्याची सावली करावी. रोपे चार पानांची झाली की सावली काढून घ्यावी आणि जमिनीवर वाळलेल्या पानांचा दोन-तीन बोटे जाड थर अंथरावा. यास आच्छादन म्हणतात. फाल्गुन-चैत्रात रस्तोरस्ती पानगळीचे ढीग पडतात आणि लोक ते पेटवून देतात. त्या धुराने डोळे चुरचुरतात, आणि हातची एक मोलाची वस्तू राख होते. हीच पाने वाफ्यावर पसरली, तर माती थंड राहते, पृष्ठभागावरून उडून जाणारे पाणी वाचते, तण माजत नाही व भांगलणीचे श्रम कमी होतात. पावसाळ्यात तीच पाने कुजून खत होतात. आच्छादनाखाली बोट खुपसून पाहावे. दोन पेरांपर्यंत ओल लागली, तर त्या दिवशी पाणी देण्याची घाई करू नये.

पाणी सकाळी ऊन चढण्यापूर्वी द्यावे, ते जमले नाही तर दिवस मावळताना. ते मुळाशी, तांब्याने किंवा झारीने, सावकाश द्यावे.

काकडी-भोपळ्यासारख्या वेलींसाठी मडक्याची जुनी युक्ती फार गुणकारी आहे. रंग अथवा चकाकी न दिलेले चार-पाच लिटरांचे मातीचे मडके गळ्यापर्यंत जमिनीत पुरावे, भोवती चार-पाच बिया लावाव्यात, मडके पाण्याने भरून तोंडावर झाकणी ठेवावी. मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी झिरपते. भोवतालची माती कोरडी झाली की जास्त झिरपते आणि ओली असली की थांबते, म्हणून ते वाया जात नाही. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात चीनमधील फान शेंग-ची याच्या कृषिग्रंथात ही रीत वर्णिलेली आहे. मात्र या मडक्यात तांदळाचे धुवण ओतू नये. त्यातील पिठूळपणाने छिद्रे बुजतात. तेथे पिण्याचे उरलेले स्वच्छ पाणीच घालावे आणि धुवणाचे पाणी उघड्या वाफ्यास द्यावे.

फुलांच्या वेळा

पुष्कळ घरांतून अशी तक्रार ऐकू येते, की वेलीस फुले येतात पण फळ बोटाएवढे होऊन पिवळे पडते व गळते. लोक यास दृष्ट लागली म्हणतात. वास्तविक कारण बहुधा वेगळे असते. या वेलींवर नर व मादी फुले स्वतंत्र येतात. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ आधीच असते. नर फुलाचा देठ साधा असतो. नर फुलातील पराग मादी फुलावर पोचला नाही, तर ते इवले फळ वाढतच नाही. आरंभीची फुले प्रायः नर असतात, ती गळाली म्हणून निराश होऊ नये.

पराग पोचवण्याचे काम कीटक करतात आणि प्रत्येक वेलीची वेळ ठरलेली असते. काकडी, कारली व तांबडा भोपळा यांची फुले सकाळी उमलतात आणि त्यांवर मधमाश्या येतात. घोसाळ्याचे फूलही सकाळचेच. त्याचा सख्खा भाऊ जो दोडका, तो मात्र दिवस कलल्यावर फुलतो. दुधीची पांढरी फुले सायंकाळी उमलतात आणि रात्री पतंग त्यांस भेट देतात. शहरात कीटक कमी असतील तेथे आपणच हे काम करावे. ताजे नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढाव्यात आणि मधला परागाचा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवावा. दोडक्यास ही मदत सकाळी केली तर व्यर्थ जाते, कारण त्या वेळी त्याची ताजी फुले मिटलेलीच असतात. विद्यार्थ्यांनी आठवडाभर या वेळा टिपून ठेवल्या, तर पाठ्यपुस्तकातील परागीभवनाचा धडा निराळा पाठ करावा लागणार नाही.

रोग आणि उपाय

कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसल्यास पाण्याचा जोराचा शिडकावा पुष्कळदा पुरतो. न पुरल्यास, गेल्या वर्षी वाळवून ठेवलेल्या निंबोळ्या कुटून त्यांची ५० ग्रॅम पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी व गाळून फवारावी. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडून पुढे सगळे पान पिवळे झाले, तर तो केवडा रोग होय. तो विषाणूने होतो व पांढरी माशी तो पसरवते. झालेल्या झाडास औषध नाही. ते उपटून दूर टाकावे. या रोगास तोंड देण्यासाठी शास्त्रज्ञांनी भेंडीचा तिच्या रानटी नातलगांशी संकर करून नव्या जाती सिद्ध केल्या. परभणीच्या कृषी विद्यापीठाची 'परभणी क्रांती' आणि बंगळुरूच्या उद्यानविद्या संस्थेची 'अर्का अनामिका' या त्यांपैकी प्रसिद्ध होत. फळमाशीने टोचलेली दोडकी-कारली वाफ्यात पडू देऊ नयेत, नाही तर त्यांतील अळ्या मातीत शिरून नव्या माश्या होतात.

एक इशारा देणे आम्हांस आवश्यक वाटते. दुधी किंवा काकडी चिरल्यावर प्रथम एक लहान तुकडा जिभेस लावून पाहावा. तो कडू लागल्यास थुंकून टाकावा व ते फळ फेकून द्यावे. त्या कडूपणास कारण होणारी द्रव्ये विषारी असतात आणि शिजवल्याने ती नाहीशी होतात असे नाही. कडू दुधीचा रस पिऊन माणसे गंभीर आजारी पडली आहेत. कारल्याचा स्वाभाविक कडूपणा ही वेगळी गोष्ट.

वळवापासून मृगापर्यंत

एप्रिल-मे महिन्यांत एखाद्या दुपारी ढग गडगडतात आणि वळीव कोसळतो. त्यापूर्वीच मांडवाचे खांब घट्ट करून घ्यावेत. अंगणात सरळ बाजूंचा एक डबा ठेवून त्यात जमलेल्या पाण्याची उंची पट्टीने मोजावी. १२ मिलिमीटर पाऊस झाला असेल, तर प्रत्येक चौरस मीटरास १२ लिटर पाणी आयते मिळाले. म्हणजे दोन दिवस बादली विसावली. असा आपल्या सूत्राचा पुन्हा पडताळा येतो.

ऐन बहरात भेंडीच्या झाडास साधारणतः एक दिवसाआड एक भेंडी येते. वीस झाडांची दोन-तीन दिवसांची तोड एकत्र केली म्हणजे एका कुटुंबाची एका वेळची भाजी होते. एवढ्याने बाजारची बुट्टी सुटणार नाही, हे आम्ही मान्य करतो. पण आठवड्यातून दोन-तीन वेळा तोडल्याबरोबर शिजवलेली, विषारी फवारे न मारलेली भाजी ताटात पडते, हाही लाभ लहान नाही.

हंगाम संपताना गवार व चवळी यांची झाडे उपटून मुळे पाहावीत. त्यांवर बारीक गाठी असतात. या गाठींतील जीवाणू हवेतील नत्र झाडास उपलब्ध करून देतात, हे हेलरीगेल व विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८६ मध्ये दाखवून दिले. हिरव्या झाडाची गाठ चिरली असता आत गुलाबी रंग दिसला, तर ती कार्यक्षम आहे असे समजावे. त्या जागी पावसाळ्यात दुसरी भाजी लावल्यास झाडांचे अवशेष तिला खत म्हणून उपयोगी पडतात.

मृगापूर्वी भेंडीच्या सर्वांत निरोगी झाडावरील चार-पाच फळे झाडावरच वाळू द्यावीत. त्यांतील बी काढून, सावलीत सुकवून, थोडी राख मिसळून काचेच्या बरणीत भरावे आणि त्यावर जातीचे नाव व वर्ष लिहावे. संकरित बियाण्याची रोपे दुसऱ्या पिढीत सारखी निघत नाहीत. म्हणून घरचे बी धरावयाचे असेल, तर आरंभीच सरळ वाणाचे बी घ्यावे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, आपल्या देशात 'अधिक धान्य पिकवा' ही मोहीम सुरू झाली. १९६५ साली अन्नाची टंचाई असता लालबहादूर शास्त्रींनी देशवासीयांना आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. त्या पिढ्यांपुढील प्रश्न मुख्यतः धान्याचा होता. आज आपल्या शहरांपुढे पाण्याचा प्रश्न उभा आहे आणि तो सोडवण्यास केवळ मोठी धरणे पुरणार नाहीत. घरात किती पाणी येते, किती वापरले जाते आणि किती वाया जाते, हे घरातील एकाला तरी आकड्यांत ठाऊक असावयास हवे. ते काम विद्यार्थ्यांनी पत्करावे, अशी आमची इच्छा आहे. शिवरात्रीपूर्वी एक आठवडा मोरीत बादली ठेवून मोजणीस आरंभ करावा. वहीतील सात आकड्यांची सरासरी निघाली, की परड्यात किती खणावयाचे हे आपोआप ठरेल.